युक्रेनचे नालिस्निकी: गोड सिर भरलेल्या पातळ धिरड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय शिक्षणासाठी २०१६ ते २०२२ मी युक्रेनमध्ये, विनित्सिया शहरात होते. दक्षिणी बूह नदीकाठचं शहर, पोदिल्ल्या भागातलं. शेवटची चार वर्षं एका आजींच्या घरी भाड्याने राहिले. आजीला युक्रेनियन भाषेत बाबुस्या म्हणतात. मीही त्यांना तेच म्हणायचे आणि त्या मला ‘दोन्यु’ म्हणायच्या, म्हणजे पोरी. नालिस्निकी मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिकले. आता सांगलीत करते तेव्हा नातेवाईक, शेजारी, कामावरच्या मैत्रिणी जे जे विचारतात ते इथे उतरवलं आहे. बहुतेकांचे प्रश्न धिरड्याबद्दल असतात, पण पदार्थ बिघडतो तो आतल्या सारणामुळे. म्हणून सारणावर मी जास्त वेळ घालवला आहे.

नालिस्निकी म्हणजे नेमकं काय?

मैदा, दूध आणि अंडी यांचं पातळ पीठ करून तव्यावर कागदासारखं धिरडं काढायचं, त्यात सारण भरून गुंडाळी करायची आणि ती लोण्यात परतायची किंवा मलईत भाजायची. एक असेल तर नालिस्निक, अनेक असले की नालिस्निकी. या नावाचा संबंध ‘लिस्त’ म्हणजे पान या शब्दाशी जोडतात. धिरडं पानासारखं पातळ असतं, हे तर खरंच. सारण मांसाचं असतं, अळंब्यांचं असतं, कोबीचंही असतं. पण घराघरांत सगळ्यात जास्त होतात ते गोड सिर, म्हणजे आंबवलेल्या दुधाचं ताजं चीज, भरलेले.

मग रशियन ब्लिनी आणि हे एकच का?

नाही. युक्रेनमध्ये जरा जाड, बऱ्याचदा यीस्ट घालून फुगवलेल्या, म्हणजे ब्लिनीसारख्या, धिरड्यांना म्लिन्त्सी म्हणतात आणि पातळ, भरून गुंडाळलेल्यांना नालिस्निकी. पोलंडमधले नालेश्निकी यांचे अगदी सख्खे भाऊ, आणि पूर्व युरोपातल्या ज्यू घरांमधले ब्लिन्ट्झही याच कुळातले. जिथला पदार्थ तिथल्या नावाने ओळखावा असं मला मनापासून वाटतं. बाबुस्यांच्या घरी कुणी दुसरं नाव घेतलं की त्या हळूच, पण दर वेळी, दुरुस्त करायच्या.

आपल्याकडचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर गोव्यातलं आलेबेले. तेही मैदा-अंड्याचं पातळ धिरडं, आत ओलं खोबरं आणि गूळ. ज्यांना आलेबेले जमतं त्यांचं निम्मं शिक्षण आधीच झालेलं असतं.

‘कॉटेज चीज’ म्हणजे पनीरच ना?

सगळा घोटाळा इथे होतो. भारतात हॉटेलांच्या मेनूकार्डांवर पनीरला कॉटेज चीज लिहायची पद्धत पडली आहे. त्यामुळे इंग्रजीतल्या पाककृतीत सिरसाठी ‘कॉटेज चीज’ लिहिलेलं वाचून माणूस पनीर आणतो, किसतो, साखर घालतो, गुंडाळतो आणि मग विचारतो, ‘हे असं कोरडं आणि चिवट का लागतंय?’

युक्रेनमध्ये जे वापरतात त्याला नुसतं ‘सिर’ म्हणतात. हाच शब्द सगळ्या चीजलाही वापरतात, म्हणून दुकानात ‘किस्लोमोलोच्नी सिर’, म्हणजे आंबवलेल्या दुधाचं सिर, असं नीट लिहिलेलं असतं. पनीर करताना आपण दूध उकळतो आणि त्या गरम दुधात लिंबू किंवा व्हिनेगर घालून ते फाडतो. सिर करताना उलट होतं. दूध आधी आंबतं, त्याचं दही होतं, आणि मग ते दही अगदी मंद उष्णतेवर कोमट करत नेऊन त्यातलं पाणी वेगळं केलं जातं. आंबट चव आतपर्यंत मुरलेली असते. पोत रवाळ, पण कण मऊ. बोटाने दाबला की कण विरघळतो, पनीरचा कण दबतो आणि पुन्हा उभा राहतो.

सोप्या शब्दांत सांगायचं तर सिर हे आपला श्रीखंडाचा चक्का आणि ताजं छेना यांच्या मधोमध बसतं. चक्क्याची आंबट चव, छेन्याचा कण. ही जागा एकदा डोक्यात पक्की झाली की पुढचं सगळं सोपं जातं.

घरी सिर कसं करायचं?

दोन लिटर गाईचं दूध घ्या. म्हशीच्या दुधाचंही होतं, फक्त ते जास्त स्निग्ध आणि थोडं जड लागतं. तिकडे खेड्यांत कच्चं दूधच आपोआप आंबू देतात. आपण ते करू नये. दूध उकळा, कोमट होऊ द्या, दोन मोठे चमचे ताजं विरजण लावा. दहा-बारा तासांनी दही लागेल. ते लगेच घेऊ नका. आणखी तीन-चार तास बाहेरच ठेवा, जरा आंबट होऊ द्या. गोड दह्याचं सिर पाणी नीट सोडत नाही.

आता दह्यात सुरीने उभे-आडवे काप द्या, चौकोनी वड्या पाडल्यासारखे. दह्याचं पातेलं पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवा आणि गॅस अगदी बारीक करा. अर्ध्या-पाऊण तासात कडेने पिवळसर-हिरवट पाणी सुटायला लागेल आणि वड्या आकसून वर येतील. दह्याचं तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअसच्या आसपास राहायला हवं. थर्मामीटर नसेल तर दह्याच्या सुटलेल्या पाण्यात बोट घाला. चांगलं गरम लागावं, पण बोट बाहेर काढावंसं वाटू नये. ढवळायचं नाही. एकदाच, कालथ्याने कडेचं दही मधे आणि मधलं कडेला सरकवलं तर पुरे.

गॅस बंद करा आणि पातेलं तसंच गार होऊ द्या. ही घाई करायची जागा नव्हे. गरम असताना गाळलं तर बारीक कण पाण्याबरोबर निघून जातात. पूर्ण गार झालं की मलमलच्या फडक्यात काढा आणि टांगून ठेवा.

चार-पाच तास टांगल्यावर साधारण चारशे-साडेचारशे ग्रॅम सिर मिळतं. उकळलेल्या दुधाच्या दह्यात पाणी धरून ठेवायची ताकद जास्त असते, कारण उष्णतेने दुधातली इतर प्रथिनं केसिन या मुख्य प्रथिनाला जाऊन चिकटतात. म्हणून आपल्या सिरला तिकडच्यापेक्षा जास्त वेळ टांगावं लागतं. उन्हाळ्यात फडक्याची पुरचुंडी चाळणीत ठेवून, वर वजन ठेवून, सगळं फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर टांगलं तर फारच आंबतं.

सिर पुरेसं कोरडं झालं हे कसं ओळखायचं?

विनित्सियाच्या बाजारात खेड्यांतून आलेल्या बायका पांढऱ्या कापडावर सिरचे ढीग मांडून बसलेल्या असतात. सुरीच्या टोकावर चिमूटभर सिर पुढे करतात, चाखून बघ म्हणून. बाबुस्या ते लगेच तोंडात टाकत नसत. आधी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये ते चोळायच्या, मग बोटं नाकाशी न्यायच्या, आणि शेवटी खायच्या. बोटांवर पाणी राहिलं तर पुढच्या बाईकडे. बोटांवर लोण्यासारखा पातळ थर राहिला आणि कण नाहीसा झाला, तर एक किलो.

घरी मी मुठीची परीक्षा करते. मूठभर सिर घट्ट दाबायचं. मूठ उघडल्यावर लाडू टिकला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये. पाणी दिसलं तर आणखी दोन तास टांगा. लाडू न होता भुगा झाला, तर दही जास्त तापलं होतं. अशा वेळी टाकून देऊ नका. दोन चमचे मलई घालून पुरणयंत्रातून काढा, बरंचसं सावरतं.

तसंही पुरणयंत्र इथे फार उपयोगी. तिकडे सिर चाळणीवर चमच्याने घासतात. आपल्याकडे श्रीखंडासाठी चक्का ज्या जाळीतून काढतो तीच वापरायची. मिक्सर मात्र नको. मिक्सरमध्ये सिर पातळ होतं आणि कण मरतो.

इतका वेळ नाही. चक्का किंवा पनीर चालेल का?

एकटं कुठलंच चालत नाही. दोन्ही एकत्र चालतं. २५० ग्रॅम ताजं, मऊ, घरी फाडलेलं छेना आणि १५० ग्रॅम घट्ट चक्का पुरणयंत्रातून एकत्र काढा. कण छेन्याचा, चव चक्क्याची. पाकिटातलं पनीरच असेल तर किसून दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पिळून घ्या आणि मग चक्क्यात मिसळा.

परदेशात राहणाऱ्यांना हे काम सोपं आहे. पोलिश दुकानात ‘त्वारुग’ मिळतो, रशियन किंवा युक्रेनियन दुकानात ‘त्वोरोग’ किंवा ‘सिर’, अमेरिकेत ‘फार्मर्स चीज’ आणि जर्मनीत ‘क्वार्क’. क्वार्क पातळ असतो, तो रात्रभर टांगावा. डब्यातलं अमेरिकन कॉटेज चीज म्हणजे मलईत पोहणारे दाणे. ते आधी निथळून, दाबून, चाळणीतून काढावं लागतं. रिकोटा दिसायला जवळचा वाटतो, पण त्यात आंबटपणा नाही. तो वापरायचाच तर लिंबाची किसलेली साल आणि दोन चमचे चक्का घाला.

धिरड्याचं प्रमाण काय?

२०० ग्रॅम मैदा, ५०० मिलिलिटर दूध, ३ अंडी, १ मोठा चमचा साखर, अर्धा लहान चमचा मीठ, ३ मोठे चमचे तेल. २२ सेंटिमीटरच्या पॅनमध्ये चौदा-पंधरा धिरडी होतात. मैदा शक्यतो वजन करून घ्या, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी असते. पीठ घावनाच्या पिठापेक्षा किंचित दाट हवं, अंबोळीच्या पिठापेक्षा बरंच पातळ. पळीतून सलग धार पडली पाहिजे.

पिठात गुठळ्या होतात. काय करू?

सगळं दूध एकदम ओतू नका. अंडी, साखर, मीठ फेटून त्यात निम्मंच दूध घाला, मग चाळलेला मैदा. या दाट पिठात गुठळ्या सहज मोडतात. गुळगुळीत झालं की उरलेलं दूध आणि शेवटी तेल. मग अर्धा तास झाकून ठेवा. मैदा दूध पितो, ग्लूटेन सैल पडतं आणि धिरडं फाटत नाही. ठेवल्यावर पीठ दाट झालेलं दिसलं तर थोडं पाणी घालायला घाबरू नका.

तवा कोणता, आणि तेल किती?

बीडाचा असेल तर उत्तम, जड बुडाचा नॉनस्टिकही चालतो. कडा कमी उंचीच्या हव्यात. तेल पिठातच आहे, म्हणून पॅनला फक्त पुसायचं.

कशाने पुसायचं याची एक गोष्ट आहे. युक्रेनमध्ये जुन्या पद्धतीने सालोचा, म्हणजे डुकराच्या चरबीचा तुकडा काट्याला टोचून त्याने तवा पुसतात. पहिल्या दिवशी बाबुस्यांनी तो काढला आणि मी शाकाहारी नसले तरी डुकराचं खात नाही हे त्यांना आठवलं. त्यांनी तो ठेवून दिला, अर्धा बटाटा काट्याला टोचला आणि तेलात बुडवला. मी म्हटलं, आमच्याकडे अर्धा कांदा किंवा वांग्याचं देठ घेतात. दुसऱ्या खेपेला त्यांनी कांदा टोचून पाहिला. गोड धिरड्याला कांद्याचा वास लागला, म्हणून पुन्हा बटाट्यावर आल्या. तेव्हा गोडासाठी बटाटा, तिखटासाठी कांदा.

पहिलं धिरडं नेहमी बिघडतं.

बिघडू द्या. पहिलं वाया जातं असं तिकडेही म्हणतातच. ते तव्याच्या तापाचा आणि पिठाच्या दाटपणाचा अंदाज घेण्यासाठी असतं. पण चौथंही बिघडत असेल तर कारण शोधायला हवं. चिकटत असेल तर पॅन पुरेसा तापला नव्हता. पाण्याचा थेंब टाकला की त्याने नाचायला हवं. पीठ पसरायच्या आधीच गोठत असेल तर पॅन फार तापला आहे. उलटताना फाटत असेल तर पीठ फार पातळ आहे, एक चमचा मैदा थोड्या पिठात कालवून परत मिसळा. रबरासारखं लागत असेल तर अंडी जास्त झाली किंवा मैदा घातल्यावर फार वेळ फेटलं.

पॅन हातात उचलून एका बाजूने पीठ ओता, लगेच मनगट फिरवा. ५०-५५ मिलिलिटर पीठ एका धिरड्याला पुरतं. कडा सुटून तांबूस झाल्या की उलटा.

एकाच बाजूने भाजायचं की दोन्ही?

दोन्ही पद्धती आहेत. मी पहिली बाजू पाऊण मिनिट आणि दुसरी जेमतेम वीस सेकंद भाजते. दुसरी बाजू फिकट, मऊ राहते. सारण नीट भाजलेल्या बाजूवर ठेवायचं आणि फिकट बाजू बाहेर, कारण पुढे लोण्यात किंवा ओव्हनमध्ये तीच पुन्हा भाजली जाणार आहे. झालेली धिरडी एकावर एक रचा, प्रत्येकावर लोण्याचा हात फिरवा आणि वर ताट पालथं घाला. वाफेने कडक कडा मऊ होतात. उघडी ठेवलीत तर गुंडाळताना कडा मोडणारच.

सारणात काय काय घालायचं?

४०० ते ४५० ग्रॅम सिर, १ अंड्याचा पिवळा बलक, ४ मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, व्हॅनिला आणि ५० ग्रॅम बेदाणे. बेदाणे कोमट पाण्यात भिजवून, पंच्यावर टिपून कोरडे करून घ्या. मीठ विसरू नका, त्याशिवाय सिरची चव झोपलेली वाटते. लिंबाची किसलेली साल मला आवडते.

साखर कधी घालायची, हे प्रमाणापेक्षा महत्त्वाचं आहे. साखर सिरमधलं पाणी ओढून घेते. सारण सकाळी कालवून ठेवलंत तर दुपारी त्याचं श्रीखंड झालेलं असेल, आणि ते गुंडाळीतून वाहील. सिर, बलक, बेदाणे आधी मिसळून ठेवा, साखर धिरडी तयार झाल्यावरच. तरीही सैल वाटलं तर एक मोठा चमचा बारीक रवा घालून दहा मिनिटं थांबा. तिकडेही हीच युक्ती करतात, रव्याला ‘मांका’ म्हणतात.

वेलची आणि केशर घालू का, असं प्रत्येक जण विचारतो. घाला, छान लागेल. पण त्याला आंबट सिरचा मूळ वास राहणार नाही, आणि मला तो वासच हवा असतो. पहिल्यांदा तरी व्हॅनिलावर थांबा.

गुंडाळी सुटते आणि सारण बाहेर येतं.

एक मोठा, भरलेला चमचा पुरे. त्याहून जास्त भरायचा मोह आवरा. सारण धिरड्याच्या अलीकडच्या कडेपासून दोन बोटं आत, आडवं ठेवा. अलीकडची कड त्यावर, मग डावी-उजवी बाजू आत, आणि घट्ट गुंडाळी. शेवटची कड खाली येईल असं ठेवा. परतताना तीच बाजू आधी पॅनवर टेकवा, ती चिकटून बंद होते. मेजवानीला लहान नालिस्निकी करायचे असतील तर धिरड्याचे चार तुकडे करून बोटाएवढ्या गुंडाळ्या करतात. वेळ जातो, पण ताटात फार देखण्या दिसतात.

ओव्हन हवाच का?

नको. झटपट करायचं तर पॅनमध्ये लोण्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सोनेरी परता. झाकण ठेवून एकूण सात-आठ मिनिटं द्या, म्हणजे आतला बलकही शिजतो.

पण खरी चव दुसऱ्या पद्धतीत आहे. पूर्वी घरातल्या मोठ्या भट्टीत, म्हणजे ‘पिच’मध्ये, मातीच्या भांड्यात थरावर थर रचून, मधे लोणी आणि मलई घालून ते मुरत ठेवायचे. आज ओव्हनमध्ये १८० अंशांवर, झाकून, १५ ते २० मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्याला लोणी लावा, नालिस्निकी दाटीने रचा, वर पाऊण वाटी मलई ओता, घट्ट झाकण लावा आणि पातेल्याखाली तवा ठेवून बारीक गॅसवर पंधरा मिनिटं. बिर्याणीला दम देतो तसंच. मलई धिरड्यात शिरते, तळाची मात्र किंचित खरपूस होते, आणि घरात त्या तळाच्यांवरूनच भांडणं होतात.

स्मेताना कुठे मिळेल?

स्मेताना म्हणजे विरजलेली दाट मलई. नालिस्निकी त्याच्याशिवाय वाढत नाहीत. बाहेर शोधत बसू नका, ती आपल्या फ्रीजमध्ये असते. लोणी काढण्यासाठी साय साठवून तिला विरजण लावतो ना? ती विरजलेली साय, घुसळण्याच्या आधीची, चाळणीतून काढून हलक्या हाताने फेटली की स्मेतानाच्या इतकी जवळ जाते की मला पहिल्यांदा चाखल्यावर बसावं लागलं. फक्त साय दोन-तीन दिवसांचीच घ्या, आठवडाभराची कडवट होते. फार वेळ फेटू नका, लोणी सुटेल. साय नसेल तर २५ टक्के स्निग्धांशाच्या फ्रेश क्रीममध्ये एक चमचा दही घालून रात्रभर ठेवा.

सोबत तिकडे आंबट चेरीचा मुरंबा किंवा मध असतो. आपल्याकडे आवळ्याचा किंवा कोकणातला करवंदाचा मुरंबा छान जमतो, कारण त्याला आंबटपणा आहे. आंब्याचा साखरांबा मला फार गोड होतो.

अंडं न घालता जमेल?

जमतं. १८० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ४५० मिलिलिटर दूध, २ चमचे वितळलेलं लोणी, मीठ, साखर. एक तास ठेवा. धिरडी लहान, १८ सेंटिमीटरची काढा, कारण अंड्याची पकड नसल्याने मोठी फाटतात. सारणात बलकाऐवजी एक चमचा बारीक रवा किंवा व्हॅनिला कस्टर्ड पावडर. चव थोडी वेगळी येते, पण माझ्या सासूबाई अंडं खात नाहीत आणि त्यांच्यासाठी मी अशीच करते. सिरबद्दल शाकाहारी मंडळींनी निर्धास्त असावं. घरी केलेल्या सिरमध्ये रेनेट, म्हणजे दूध गोठवायला वापरतात तो वासराच्या जठरातला घटक, नसतं, नुसतं दही असतं.

कणकेचे करता येतील?

निम्मी कणीक, निम्मा मैदा. कणीक बारीक चाळणीतून काढा आणि दूध थोडं वाढवा.

तिखट-मिठाचे होतात का?

होतात, आणि त्यात आपल्या शेपूला मान आहे. युक्रेनमध्ये शेपूवाचून पान हलत नाही. बटाट्यावर, सूपवर, काकडीवर, सगळीकडे. सिरमध्ये मीठ, बारीक चिरलेला शेपू आणि थोडी कांद्याची पात. आपला शेपू उग्र असतो, म्हणून कोवळाच घ्या आणि दोन चमच्यांपेक्षा जास्त नको. शेपूच्या भाजीला नाक मुरडणाऱ्या माझ्या भावाने हे नालिस्निकी पाच खाल्ले.

हे कुठल्या सणाला करतात?

रोजच्या न्याहारीलाही करतात, पण ‘मास्नित्सा’च्या आठवड्यात त्यांना खास जागा असते. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास सुरू होण्यापूर्वीचा हा शेवटचा आठवडा. त्यात मांस बंद असतं, पण दूध, लोणी, सिर, अंडी चालतात. त्यानंतर ईस्टरपर्यंत तेही बंद. म्हणून त्या आठवड्यात घराघरांत सिरचं राज्य असतं, सिरचे वारेनिकी, म्हणजे पाण्यात उकडलेल्या करंज्या, आधी आणि मग नालिस्निकी. तारीख ईस्टरबरोबर सरकते, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते.

२०२२ च्या फेब्रुवारीच्या शेवटी युद्ध सुरू झालं. आम्ही हजारो भारतीय विद्यार्थी सीमा ओलांडून परतलो. निघताना बाबुस्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून सहा नालिस्निकी दिले होते. मी आणि माझ्याबरोबरच्या दोघींनी ते रोमानियाच्या सीमेवरच्या रांगेत, थंडीत उभ्याने खाल्ले. गार होते, तरी मऊ होते. लोण्याचा हात फिरवून झाकून ठेवायला का सांगते, ते यामुळे.

किती दिवस टिकतात?

भरलेले, न परतलेले नालिस्निकी फ्रीजमध्ये दोन दिवस. फ्रीझरमध्ये महिनाभर, पण आधी ताटात सुटे सुटे गोठवा आणि मग पिशवीत भरा, नाहीतर सगळ्यांचा एक गठ्ठा होतो. काढल्यावर वितळवत बसू नका. थेट लोण्यावर, झाकण ठेवून, अगदी बारीक आचेवर. नुसतं सिर फ्रीजमध्ये तीन दिवस. चौथ्या दिवशी आंबट वाटलं तर फेकू नका, त्यात अंडं, साखर, थोडा मैदा मिसळून चपट्या टिक्क्या थापा आणि तळा. त्याला सिर्निकी म्हणतात, आणि त्या करायला सिर मुद्दाम उरवणारे लोकही मी पाहिले आहेत.

सिर गाळल्यावर उरलेल्या पाण्याचं काय करायचं?

दोन लिटर दुधातून लिटरभराहून जास्त पाणी निघतं. धिरड्याच्या पिठात निम्म्या दुधाऐवजी ते घाला, धिरडी जास्त हलकी आणि जाळीदार होतात. बाबुस्या तेच करायच्या. तरीही उरलं तर पोळ्यांची कणीक त्यात भिजवा किंवा कढीत घाला. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं. बाटली काठोकाठ भरू नका आणि झाकण सैल ठेवा, कारण ते आत हळूहळू आंबतच असतं.